शोभाताई स्पॅनिश बोलतात

काटोलहून नागपूरला जाणाऱ्या एसटीत शनिवारी दुपारी एक बाई मोठ्यानं भांडत असायच्या. खिडकीशी बसून, समोरच्या सीटच्या पाठीवर नजर रोखून, हातवारे करत. मी कळमेश्वरला त्या गाडीत चढलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं, कानात फोनचं काहीतरी घातलेलं असेल आणि घरच्या कोणाशी जुंपली असेल. पण कान रिकामे होते आणि त्या भांडणातला एकही शब्द मराठी नव्हता. त्यांच्या शेजारची जागा कोणी घेत नव्हतं, म्हणून मी बसलो. त्या थांबल्या, मला खालीवर पाहिलं आणि म्हणाल्या, "घाबरू नको गा. स्पॅनिशचे आकडे पाठ करून राहिली."

त्याच दुपारी आम्ही दोघं नागपुरातल्या एकाच वर्गात शिरलो. मी उशिरा प्रवेश घेतलेला होता, त्या सुरुवातीपासूनच्या. शोभाताई डांगोरे. वय पन्नाशीच्या पुढे, कोपरापर्यंत ब्लाउज, पायात बूट आणि खांद्याला शाळकरी मुलांचं असतं तसं दप्तर. काटोलजवळ त्यांचा संत्र्याचा बगिचा होता. मुलगी सासरी, मुलगा हैदराबादला, घरी त्या आणि त्यांचे यजमान देवरावजी.

आमचं कम्युनिटी कॉलेज शनिवार-रविवारचं. एक कला आणि एक भाषा, अशी जोडी घ्यावी लागे. मला स्पॅनिश हवी होती, कारण माझ्या कारखान्याचा माल तिकडच्या देशांत जाऊ लागला होता. नाट्यकला माझ्या गळ्यात पडली होती. शोभाताईंचं उलटं. त्या नाटक शिकायला आल्या होत्या. भाषेत जर्मनचा वर्ग भरलेला निघाला, म्हणून कारकुनानं त्यांच्या नावापुढे स्पॅनिश लिहून टाकलं.

स्पॅनिशच्या अंजलीमॅडमनी 'मी आहे' शिकवलं, तो तास मला लख्ख आठवतो. त्या भाषेत 'यो सोय' म्हणजे 'मी आहे'. शोभाताईंनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं आणि हात वर केला. म्हणाल्या, "मॅडम, हे तं मले आधीच येते. घरात मी सोयच आहो, सगळ्याइची." वर्ग हसला, मॅडमही हसल्या. मग त्यांनी पुढचं सांगितलं, की असण्याचे तिकडे दोन प्रकार आहेत. जे मुळातच आहे त्याला 'सोय', आणि जे सध्यापुरतं आहे, उद्या बदलेल, त्याला 'एस्तोय'. दमलेला, रागावलेला, वेडा, हे सगळं एस्तोयमध्ये. परतीच्या गाडीत शोभाताई 'एस्तोय, एस्तोय' घोळवत होत्या. मग म्हणाल्या, "पाहा गा मंगेश, आपल्या इकडं बाईले एकदा येडी म्हटलं का जन्मभराची येडी. त्याइच्यात आज येडी अन् उद्या शहानी. लय चांगली भाषा आहे."

नाटकाचं वेड त्यांना माहेरचं. नरखेड तालुक्यातल्या त्यांच्या गावात खडी गंमत व्हायची, उभ्या उभ्या रंगणारा गाण्या-नाचाचा खेळ. त्यात बाईचं काम पुरुषच करायचे. त्यांचा काका आईचं लुगडं नेसून नाचायचा आणि बाईनं डोक्यावर घागर घेऊन कसं चालायचं ते लहानग्या शोभाकडून शिकायचा. "मी चालून दाखो, टाळ्या त्याले पडे," त्या सांगायच्या. एकदा त्यांनी स्वतः उभं राहायचा हट्ट धरला, तेव्हा आजोबांनी त्यांना खेळ संपेपर्यंत गोठ्यात बसवून ठेवलं होतं. हे त्या हसत सांगत, पण दर वेळी सांगत.

देवरावजींना हे शिकणं पसंत नव्हतं. ते भांडले नाहीत. काटोलच्या बाजारात व्यापारी विचारू लागले, वहिनी नाटकात गेल्या म्हणते, खरं काय, तेव्हापासून त्यांनी शनिवारी मोटरसायकल काढणं तेवढं बंद केलं. शोभाताई शेतातून बसस्टँडपर्यंत पायी येऊ लागल्या. बूट त्यासाठीच घेतलेले होते.

वर्षाच्या शेवटी स्पॅनिशमधून नाटक करायचं ठरलं. नाट्यकलेच्या पाध्येसरांनी ते लिहिलं आणि मॅडमनी भाषांतर केलं. एका म्हातारीच्या जमिनीवर गावाचा डोळा असतो. गाव तिला वेडी ठरवतं आणि भर सभेत ती उभी राहून आपली बाजू मांडते, एवढीच गोष्ट. मला गावप्रमुख केलं. म्हातारीचं काम इंग्रजी शाळेत शिकलेल्या एका हुशार मुलीला मिळालं आणि शोभाताईंना तिच्या मुक्या शेजारणीचं. मॅडमनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, की नाटक पाहायला, जिची मातृभाषाच स्पॅनिश आहे अशा एक पाहुण्या येणार आहेत, तुमचा अभिनय छान आहे, पण उच्चार पार वऱ्हाडी होतात.

शोभाताईंनी ऐकून घेतलं. मग सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाल्या, "मॅडम, मुकीचं काम कायले देता? ते मी लगन झाल्यापासून करून राहिली. मले बोलाचं आहे, म्हून आली मी इथं."

शेवटी सरांनी तोडगा काढला. पुढच्या शनिवारी दोघींनीही ते भाषण म्हणायचं आणि वर्गानं ठरवायचं. त्या आठवड्यात शोभाताई बगिच्यात झाडांसमोर भाषण म्हणत होत्या, हे मला नंतर कळलं. शनिवारी आधी ती मुलगी बोलली, अगदी शुद्ध. मग शोभाताई उठल्या. त्यांचं संपलं तेव्हा ती मुलगीच म्हणाली, की म्हातारी याच करतील, शेजारणीचं काम मी करते.

प्रयोग फेब्रुवारीत होता. देवरावजींनी आदल्या दिवशी सांगितलं, उद्या संत्र्याची तोड आहे, माणसं येतील. शोभाताईंनी पहाटे उठून सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला, झाकून ठेवला आणि पहिली गाडी पकडली.

सभागृह भरलं होतं. मी गावप्रमुख म्हणून मधोमध खुर्चीवर बसलेलो. शोभाताई आल्या, पदराऐवजी काळी शाल, हातात काठी. पहिलंच वाक्य होतं 'यो नो एस्तोय लोका', मी वेडी नाही. त्यांनी ते आपल्या ठसक्यात म्हटलं आणि मागच्या रांगांमधून कॉलेजची पोरं हसली. एकानं तर 'लोका, लोका' करून नक्कल केली. विंगेत उभ्या असलेल्या मॅडमनी डोळे मिटून घेतले.

ते वाक्य शोभाताईंनी माझ्याकडे पाहून म्हणायचं होतं. त्या माझ्याकडे पाठ करून वळल्या. काठी टेकत रंगमंचाच्या अगदी कडेपर्यंत गेल्या, त्या पोरांकडे नीट पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या. सावकाश, जवळजवळ मायेनं. जणू हसणारी पोरं त्याच गावातली होती. हसू थांबलं. मग त्या बोलत गेल्या. आपण लावलेल्या झाडांबद्दल, मेलेल्या नवऱ्याबद्दल, गावाच्या लोभाबद्दल. भाषा समजणारे त्या सभागृहात फार थोडे असतील. पण कोणी खोकलंही नाही. भाषण संपल्यावर माझं वाक्य होतं आणि ते मला आठवेना. आठवण्याची गरजही उरली नाही, कारण लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि नक्कल करणारा पोरगा त्यांत सगळ्यात पुढे आला होता.

नंतर त्या पाहुण्या बाई विंगेत आल्या. मॅडम उच्चारांबद्दल काहीतरी सांगायला लागल्या, तर त्यांनी मध्येच थांबवलं. आमच्याकडेही गावागणिक बोली बदलते, त्या म्हणाल्या, ही म्हातारी कुठल्या तरी खऱ्या गावची होती, म्हणून मला पटली. मॅडमनी ते मराठीत सांगितलं आणि सांगता सांगता शोभाताईंचा हात हातात घेतला.

गर्दी पांगली तेव्हा दारापाशी एक गृहस्थ उभे दिसले. अंगात शेतातले कपडे, बाह्यांवर पानांचा कचरा. "हे आमचे," शोभाताई मला म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

देवरावजी पुढे आले. तोड अर्धी टाकून मोटरसायकलनं आले होते आणि भाषणाच्या आधी कसेबसे पोचले होते. त्यांनी बाह्यांवरचा कचरा झटकला.

"मले समजलं तं काहीच नाही," ते म्हणाले. "पण असं वाटे का तू मलेच बोलून राहिली."

शोभाताईंनी शाल काढून घडी केली, दप्तरात ठेवली आणि दप्तर त्यांच्या हातात दिलं.

"मंग तं सगळंच समजलं तुमाले," त्या म्हणाल्या.