हसुरामकाकांचा पहिला रिपोर्ट

उंदराच्या शेपटीतून रक्त काढण्याआधी हसुरामकाका आपले दोन्ही तळवे कोमट पाण्यात बुडवून ठेवायचे. रोह्याच्या प्रयोगशाळेत मी नवीन होते, घड्याळाकडे बोट दाखवून घाई करू लागले, तर म्हणाले, "थंड हात लागला का जीव भितो. भ्यालेल्या जिवाचं रगत खरं बोलत नाय, बाय." सगळे मला मॅडम म्हणत, काका तेवढे बाय.

उंदरांची देखभाल करणारे काका पेणच्या खाडीकडचे. अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं, पायांच्या भेगा कधी बुजल्याच नाहीत. आमचं काम असं की उंदरांना औषध टोचून त्यांच्या हृदयाला इजा करायची आणि ठरावीक वेळांनी रक्त काढून त्यात ट्रोपोनिन किती आलंय ते मोजायचं. हृदयाचा स्नायू दुखावला की हा पदार्थ रक्तात येतो, पण लगेच नाही. मला हे पुस्तकातून कळलं होतं, काकांना पिंजऱ्यापाशी बसून. वेळेआधी मी सुई उचलली की ते सरळ हात आडवा घालत. "थांबा जरा. काळजाचं दुखणं रगतात उतराया वेळ लागतो."

प्रयोग संपला की उंदीर मारावे लागत. त्या दिवशी बाकीचे काहीतरी निमित्त काढून सटकायचे. काका मात्र एकेकाला स्वतः उचलून आणत, परक्या हातात नको म्हणत, आणि दिवसभर जेवत नसत. उंदरांचं सुतक पाळता की काय, असं मी एकदा चेष्टेत विचारलं. जीभ झडो मेली माझी.

परवाच्या हिवाळ्यात एका सकाळी पेणच्या दवाखान्यातून त्यांचा फोन आला. छातीत आवळल्यासारखं झालं म्हणून बायको घेऊन गेली होती. रक्ताचा पहिला रिपोर्ट नॉर्मल होता, पण डॉक्टर म्हणत होते थांबा, काही तासांनी पुन्हा रक्त काढू. काका मला विचारत होते, थांबू का येऊ? दुपारी उंदरांचं रक्त काढायचं होतं आणि त्यांच्याशिवाय माझं पान हलत नव्हतं. दुखायला कधी लागलं, एवढं एक मी विचारायला हवं होतं. रोज उंदरांच्या तक्त्यावर तीच वेळ तर लिहीत होते मी! पण मी म्हटलं, नॉर्मल आहे ना, मग उगाच कशाला बसताय, या. दुखणं रक्तात उतरायला वेळ लागतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण सांगणारी मी होते, शिकलेली.

नागोठण्यापुढे एसटीतच ते गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेले होते. त्यांच्या बायकोने माझा हात हातात घेतला. म्हणाली, "लय घाबरले होते गो बाय. तुमी फोनवर बोललात आनि हसाया लागले. तुमच्यामुलं शेवटाला जीव निवांत झाला त्यांचा."

मी मान डोलावली. तिने पुढे केलेला चहा प्यायले आणि रोह्याला परत आले.