देवीच्या बोकडाचं औषधपाणी

ज्या बोकडाला उद्या सकाळी देवीपुढं कापायचं, त्याच्यासाठी आज भर उन्हात डॉक्टर शोधत पळणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो माणूस मी. लोकांनी हसायचं तेवढं हसून घेतलं आहे, म्हणून आता सांगायला संकोच वाटत नाही. माझी भक्ती तशी बेताचीच. पाचोऱ्याच्या एका जिनिंगात कपाशी तोलण्याचं माझं काम. काट्यावर चढेल तेवढंच खरं मानायची सवय लागलेली. देव नाही असं मी कधी म्हटलं नाही, पण तो आपल्याकडं बघतो आहे, असंही कधी वाटलं नव्हतं. त्या दुपारी तर वाटत होतं, की बघत असेलच, तर तो गंमत म्हणून.

झालं होतं असं. त्याच्या तीन वर्षं आधी मला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा बायकोनं धुळ्याच्या एकवीरामातेला नवस केला: धनी उठू दे, बोकड देईन. जिवाला जीव. मी उठलो. माझ्या जिवाच्या बदल्यात काय ठरलं आहे ते पाहायला काठी टेकत अंगणात गेलो, तर एवढंसं काळं करडू माझ्या धोतराचा सोगा चघळायला लागलं. मनात म्हटलं, आपली किंमत एवढीच होती तर! पहिल्या वर्षी ते लहान म्हणून राहिलं, दुसऱ्या वर्षी मला रजा मिळाली नाही. नवसाच्या जनावराला नाव ठेवू नये म्हणतात. पण मुली सासरी गेलेल्या, घरात आम्ही दोघंच; त्याला दाढी फुटली आणि बायको त्याला 'आबा' म्हणायला लागली. मग शेजारणी येता-जाता "आबा जेवले का?" म्हणून विचारीत. माझ्याबद्दल कुणी काही विचारीत नसे.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात मला खोकल्यानं धरलं आणि तिची झोप उडाली. देवीचं देणं आपण दाबून ठेवलं, म्हणूनच हे परत आलं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. मी खोकलो, की ती आधी माझ्याकडं बघे आणि मग खुंट्याकडं. दोघांकडं बघताना तिचे डोळे भरून येत. असा एक हिवाळा काढणं म्हणजे काय, ते जो काढतो त्यालाच ठाऊक. चैत्रातली यात्रा आली तेव्हा आम्ही दोघंही इतके थकलो होतो, की एकदाचं होऊन जाऊ दे, एवढंच मनात उरलं होतं.

चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला पोचलो. पांझरेच्या काठी ही गर्दी! आबांच्या गळ्यात हार, कपाळाला गुलाल. येणारी-जाणारी बायामाणसं त्यांच्यापुढं ओंजळभर ज्वारी, भिजले हरभरे, पुरणपोळीचे तुकडे टाकीत. मी नको म्हणायला गेलो, तर एक म्हातारी माझ्यावरच डाफरली, "खाऊ दे रे भाऊ! मातेना पाव्हना शे तो!" पाहुण्यांनी काही नाकारलं नाही. दुपार कलेपर्यंत त्यांची डावी कूस पखवाजासारखी ताणली. ते दात खात आडवे झाले, मान लांब केली, डोळे पांढरे.

बायको त्यांच्याजवळ बसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "अहो, हा आजच गेला, तर..." पुढचं ती बोलली नाही. मला ऐकू आलं. बोकड नाही, तर ज्याच्या बदल्यात बोकड, तो.

काठावर एक उंच, पिकल्या मिशांचा खाटीक सुऱ्यांना धार लावीत बसला होता. उद्याचे बोकड त्याच्याच हातून जायचे होते. तो न बोलावता उठून आला, वाकून कुशीवर बोटानं टकटक केलं. म्हणाला, "वारा भरायेल शे. घडीभरमा जाई."

इथं मला एक कबुली द्यायची आहे. मी त्याला म्हटलं, "मग आत्ताच कापून टाका ना. देवीच्या नावानं. उद्याचं आज."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मला माझ्या पांढऱ्या टोपीची लाज वाटली. "भाऊ, मरतं जनावर मातेले देतस का? उद्या तो मन्हा. आज डाक्टरना." आणि आबांना मानेवर घेऊन, चारही पाय छातीशी धरून तो चालायला लागला. मागं बायको, तिच्या मागं धापा टाकीत मी. लोक ओरडत होते, "अरे देखा, देखा! खाटीक बोकडले दवाखानामा ली चालना!"

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर कुलूप लावायच्या बेतात होता. बोकड पाहून त्यानं परत दार उघडलं, कारकुनाच्या खुर्चीत बसून वही ओढली.

"शेतीचं जनावर?"

"नाही."

"दुभतं?"

"साहेब, बोकड आहे."

"मग शौकाचं?"

मी टोपी सारखी केली. बायको पुढं होऊन म्हणाली, "नवसाचं."

"कधी कापणार?"

"उद्या सकाळी."

डॉक्टरनं टाक खाली ठेवला. "आणि आज वाचवायचं?"

"हो."

त्यानं टाक पुन्हा उचलला. मग म्हणाला, "शेतीच्या जनावराला इथं फी नाही. नवसाचा रकाना माझ्याकडं नाही, तेव्हा शौकाचंच लिहावं लागेल. फीचे दोन रुपये, औषध वेगळं." देवीची साडीचोळी, दुसऱ्या दिवसाचं जेवण आणि परतीची तिकिटं, सगळ्याचे पैसे एका पिशवीत होते. माझा हात पिशवीवरच अडला. रात्रभर जगणाऱ्या जनावरावर एवढं? मी मनात तोलत उभा राहिलो आणि समोर आबांचा श्वास घरघरत होता. बायकोनं माझ्या हातातून पिशवी ओढली आणि टेबलावर पालथी केली. पैसे मोजले नाहीत. डॉक्टरनं आपलं तेवढं घेऊन बाकीचं तिच्याकडं सरकवलं.

त्यानं कूस भादरली, आयोडीन लावलं आणि जाड सुईसारखी नळी आत घातली. फुस्स करून जो वारा सुटला, त्याच्या वासानं मी दारात आलो. आबांचं डोकं खाटकानं मांडीवर धरलं होतं आणि उपरण्याच्या टोकानं तो त्यांचे डोळे पुशीत होता. टाका घालून डॉक्टर सवयीनं म्हणाला, "चार दिवस याच्या कुशीला ताण पडू देऊ नका." मग त्याला आठवलं. ओशाळून म्हणाला, "म्हणजे... तुमच्या सोयीनं."

सकाळी देवळापुढं रांग लागली. तिथली रीत अशी, की बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं, म्हणजे मातेनं तो घेतला; मग पुढं खाटीक. आमच्या पुढच्या सगळ्यांनी झाडलं. कोण झाडणार नाही? आमची पाळी आली. म्हाताऱ्या गुरवानं ओंजळ सोडली. आबा उभे. पाणी पोटावरून ठिबकलं. दुसऱ्या वेळी कानात पाणी टाकलं. आबांनी नुसता कान हलवला. मागचे लोक टाचा उंचावून बघायला लागले. तिसऱ्या वेळी अख्खा तांब्या पाठीवर ओतला. आबांनी डोळे मिटून घेतले आणि तसेच, चारही पाय रोवून, उभे राहिले.

गुरवानं तांब्या खाली ठेवला. "लई जाय माय. मातेनी लिधा नही."

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्याकडं बोट करून ती म्हणाली, "मंग यास्नं काय?"

गुरवानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "याले बी सोडं तिनी. दोन्हीस्ले घर लई जाय, नारळ फोड." गर्दीत हशा पिकला. खाटकानं सुरा फडक्यात गुंडाळला, दावं बायकोच्या हातात दिलं आणि मी पैसे पुढं केले ते न घेता पुढच्या बोकडाकडं वळला. त्यानंतर तो मला कधी दिसला नाही.

टाक्यानं कूस दुखत होती, म्हणून आबांनी अंग झाडलं नाही, हे मला कळत नाही असं नाही. मीच ते वीस जणांना समजावून सांगितलं आहे. पटवून झालं, तरी काहीतरी बाकी राहतं, आणि ते काय, हे मला सांगता येत नाही.

आबांच्या भाड्याला पैसे उरले नव्हते, म्हणून परतणाऱ्या एका बैलगाडीत आम्ही तिघं चाळीसगावच्या वाटेला लागलो. एका निंबाखाली बैल सोडले, तेव्हा मी तिला म्हटलं, "खरं सांगू? तिसऱ्या वेळी मी मनात म्हणत होतो, झाडू नको आबा. आपल्याच नवसाच्या उलट." ती आबांच्या गळ्यातलं दावं सैल करीत होती. मी विचारलं, "तू काय मागत होतीस?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "तीन वर्षं मागून मागून दमले होते हो. तो तांब्या उचलला, तेव्हा म्हटलं, माय, आता तुझं तू बघ."

"आणि मला काही झालं असतं म्हणजे?"

"ते पण तिलाच बघावं लागलं असतं," असं म्हणून ती आबांना पाणी पाजायला उठली.

शरण जाणं म्हणजे काय, हे मी पुष्कळ कीर्तनांतून ऐकलं होतं. ते फार मोठ्या माणसांचं काम, अशी माझी समजूत होती. भर गर्दीत एक थकलेली बाई डोळे मिटते आणि मागणं सोडून देते, ते हेच असेल, हे मला त्या निंबाखाली प्रथम वाटलं. मला ते अजून साधलेलं नाही. दिवा लावला, की माझी मागण्यांची यादी सुरू होते. पण त्या खाटकाचे, त्या डॉक्टरचे आणि मातेचे उपकार आठवता आठवता कधी कधी यादी अर्ध्यावरच विसरते. त्या दिवशी झोप चांगली लागते.