जर्मन दाजींचा रविवारचा पेपर

समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते पाच मिनिटांत ओळखणारा, आणि आपल्या दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला आहेत हे संध्याकाळपर्यंत न ओळखणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका आमचा जावई झाला. माझी थोरली बहीण, आमची अक्का, कंधारहून नर्स म्हणून जर्मनीला गेली आणि येताना सव्वासहा फुटांचा एक डॉक्टर घेऊन आली. मनाचे आजार आणि मेंदूचे आजार, दोन्हींत तो पारंगत होता. दारात ओवाळताना आईचा हात त्याच्या कपाळापर्यंत पोचेना, तेव्हा तो उंबऱ्यावर सरळ गुडघे टेकून बसला. आईनं त्याला तिथंच पास केलं. मी त्यांना पहिल्या दिवसापासून दाजी म्हणत आलो. परवान्यासाठी दिल्लीला हेलपाटे घालून घालून शेवटी त्यांनी नांदेडला दवाखाना उघडला, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर मीही तिथं केसपेपर लावायला बसू लागलो.

दाजी मराठी शिकले ते आईच्या चुलीपुढं बसून. त्यामुळे पुण्याहून आलेल्या औषध कंपनीच्या माणसाला हा गोरापान म्हातारा "काय विकून राहिला रे बाबा?" असं विचारी, तेव्हा तो बिचारा बॅग उघडायचंच विसरे. लग्नकार्याला तर त्यांना न्यायची सोय नव्हती. लोक वरातीत नाच बघतात, दाजी चालणाऱ्यांचे हात बघत. एकदा नवरदेवाच्या मामाकडे बोट करून ते भर वरातीत मला म्हणाले, "मास्तर, ह्याचा डावा हात चालताना हलत न्हाई. ह्याला दवाखान्यात आना." मी त्यांना कसंबसं गप्प केलं. वर्षाच्या आत मामांच्या त्याच हाताला कंप सुटला. तेव्हापासून दाजी मांडवात शिरले की आमची सगळी भावकी जागच्या जागी उभी राही; त्यांच्यासमोरून चालत जायची कुणाची छाती होत नसे.

जर्मन माणूस म्हणजे घड्याळाच्या काट्यावर चालणारा, असं आम्ही ऐकून होतो. दाजींनी ते साफ खोटं पाडलं. पेशंट एकदा आत गेला की तासभर बाहेर येत नसे. झोप का लागत नाही हे विचारण्याआधी त्याचं गाव, शेत, बहिणींची सासरं, मेलेला बैल, हे सगळं दाजींना ऐकायचं असे आणि वहीत लिहायचं असे. बाहेर लोकांच्या एसट्या चुकत आणि शिव्या मला बसत. एकदा मी वैतागून म्हणालो, "दाजी, नुसत्या खुणा करायचे छापील कागद आणा की. दोन मिनिटांत काम."

त्यांचा चेहरा उतरला. तरुणपणी ते ज्या वेड्यांच्या इस्पितळात नोकरीला लागले, त्याच्या तळघरात त्यांना जुने कागद सापडले होते. त्यांच्या जन्माआधी, महायुद्धाच्या काळात, तिथल्या डॉक्टरांनी पेशंटचं तोंडही न बघता कागदावर खुणा केल्या होत्या, आणि त्या खुणांवर माणसं गाडीत घालून मारायला नेली होती. "डॉक्टर लई चांगल्या घरचे व्हते," दाजी म्हणाले. "त्यांची सही पन लई सुंदर व्हती." छापील कागदाचं नाव मी परत काढलं नाही.

तीन वर्षांपूर्वी अक्का गेली. जर्मनीहून दाजींच्या पुतण्याचे फोन आले, पण ते गेले नाहीत. तिच्या वर्षश्राद्धानंतर एका दुपारी, दवाखान्यात आम्ही दोघंच असताना, ते म्हणाले, "मास्तर, मी विसरून राहिलो." मला वाटलं, डबा विसरले असतील. पण विसरण्याच्या आजारावर उभी हयात घालवलेल्या त्या माणसानं स्वतःचाच आजार ओळखला होता. "अजून काम जमतंय. पन जमायचं कधी थांबलं, ते मला कळनार न्हाई. ह्या आजाराचं तेच हाय. तुमी सांगायचं."

मी म्हणालो, "दाजी, एखाद्या मोठ्या डॉक्टरला दाखवू."

"त्यो वर्षातून दोनदा बघंल. तुमी रोज बघता."

त्यांनी स्वतःच वीस मार्कांचा पेपर काढला. आजची तारीख, उलटे आकडे, घड्याळाचं चित्र, पाच शब्द ऐकून थोड्या वेळानं सांगायचे, घरच्या माणसांची नावं. दर रविवारी मी पेपर घ्यायचा आणि तपासायचा. चौदाच्या खाली गेले की दवाखाना बंद. "भीड धरायची न्हाई, मास्तर," त्यांनी मला बजावलं.

आता मी अठ्ठावीस वर्षं पेपर तपासलेला माणूस. चौतिसाचे पस्तीस करणं हे आमच्यात पाप नसून पुण्य समजतात. सुरुवातीला दाजी सतरा-अठरात असत. मग एका रविवारी बारा भरले. घड्याळात काटे उलटे होते, पण आकडे वळणदार होते. मी वळणाचा एक मार्क दिला. पाचातला तिसरा शब्द आठवेना, तर त्याचं पहिलं अक्षर माझ्याच तोंडून निसटलं. झाले चौदा. पुढं मला त्याची सवयच लागली. अक्का नाही, आणि आता दवाखानाही नाही, मग या माणसानं सकाळी उठून जायचं कुठं, असं मला वाटे. खरं सांगायचं तर मी तरी कुठं जाणार होतो? भीड भिकेची बहीण म्हणतात. मी तिला सात महिने घरात जेवू घातलं.

मग मुदखेडचा एक माणूस आला. त्याच्या बायकोला फिट यायच्या आणि तिचं औषध दाजींकडे चालू होतं. तो हात जोडून दारातच उभा राहिला. "डॉक्टरसाब, बायको दोन दिस उठलीच न्हाई. सरकारी दवाखान्यात न्हेलं तवा डोळं उघडले. आमचंच गोळ्या द्यायला काय चुकलं का?"

दाजींनी त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली. एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा लिहिलेलं होतं, आणि खाली त्यांची सही होती. "तुमचं काय चुकलं न्हाई. माझं चुकलं," ते म्हणाले, आणि त्या माणसासमोर त्यांनी हात जोडले. तो गेल्यावर त्यांनी मला रविवारचे सगळे पेपर मागितले. टेबलावर ओळीनं मांडून त्यांनी ते एकेक पाहिले. त्या दिवशी त्यांचं डोकं इतकं स्वच्छ होतं, की ते थोडं धुकट असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

"सात महिने मी नापास हाय," ते म्हणाले.

"दाजी, आम्ही मास्तर लोक दोन मार्कांसाठी कुणाचं वर्ष वाया जाऊ देत नाही."

"वर्ष माझं जात नव्हतं, मास्तर. तिचं जात व्हतं."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर आम्ही दोघं वह्या घेऊन बसलो. एकेका पेशंटला फोन करून, चूक सांगून, लातूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे सगळे पेशंट सोपवले. मग मी त्यांना कंधारला माझ्या घरी घेऊन आलो.

रविवारचा पेपर अजून चालू आहे. तो का असतो ते त्यांना आता आठवत नाही, पण जेवण झालं की ते चष्मा पुसून बसतात आणि पेपराची वाट बघतात. मी आता कुठलंही अक्षर सुचवत नाही. गेल्या रविवारी बायकोच्या नावापाशी येऊन ते बराच वेळ पेन धरून बसले. माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसले. शाळेतली पोरं तशीच हसायची. मग ती जागा त्यांनी कोरीच सोडली. मी लाल पेन घेतलं आणि माझ्या अक्काच्या नावापुढं शून्य दिलं.