तीन दारांचा जीवाश्म

आमच्या विभागप्रमुखांचं समुद्राविषयीचं ज्ञान एका कच्छच्या सहलीपुरतं होतं, आणि तिथेही त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, दगड पाहिले होते. आमचं कॉलेज पाथर्डीच्या बाजूला. तिथे जमीन खोदली तर काळा कातळ लागायचा, त्यात जीवाश्म औषधालाही नाही. म्हणून सरांनी ज्युरासिक काळातले दगडाचे तुकडे गोणपाटात भरून एसटीच्या टपावरून आणले आणि संशोधक झाले. सत्तरच्या दशकाची नुकती सुरुवात होती. मी वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर, तिसरं वर्ष हंगामी. कायम व्हायचं की घरी जायचं, हे सरांच्या एका शेऱ्यावर होतं.

त्या दगडांत डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवांची कवचं असतात. समुद्रात तरंगणारा हा एकपेशी जीव दिवस वाईट आले की कडक कवच करून तळाशी बसतो. बरे दिवस आले की कवचाचा एक तुकडा ढकलून बाहेर पडतो, आणि रिकामं कवच चिखलात उरतं. त्याची जात ओळखायची ती आधी ह्या बाहेर पडायच्या दारावरून. कवचाची कुठली पाटी निखळली, तिचा आकार काय, शेजारच्या पाट्या कशा बसल्या आहेत, हे बघायचं. कवचावरचे काटे नंतर. हे मी पुण्याहून मागवलेल्या पुस्तकात वाचलं होतं. सरांनी त्या पुस्तकाला फक्त वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं.

"काटे मोजा हो, काटे!" ते म्हणायचे. "दारं-खिडक्या गवंड्यानं बघाव्यात." आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसायचे. मीही हसायचो. किती लाचार हसायचो, ते आठवलं की आजही अंगाला खाज सुटते.

दगड आम्ही मागच्या अंगणात काच खाणाऱ्या आम्लात विरघळवायचो. तळाशी उरलेला गाळ धुऊन त्याचा थेंब पातळ काचेवर सोडायचा, वाळू द्यायचा आणि ती काच स्लाइडवर चिकटवायची. हे वाळवण्याचं काम मामांकडे होतं. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळेचे शिपाई, तिसगावहून सायकल मारत येणारे, पन्नाशीचे. त्यांच्याइतकं नीट काम त्या इमारतीत कोणीच करत नव्हतं, सरांनी तर नाहीच नाही.

एका दुपारी सर सूक्ष्मदर्शकावरून ओरडले, "सापडला!" मी पाहिलं. गोल, टपोरा, अंगभर आखूड काटे आणि दारं चक्क तीन. बाकीची कवचं चपटी, पिवळट, चुरगळलेली. हा मात्र काल जन्मल्यासारखा गुटगुटीत. एका जिवाला बाहेर पडायला तीन दारं कशाला, हा प्रश्न शाळकरी पोरालाही पडला असता. सरांना पडला नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी नवी जात जाहीर केली आणि तिला संस्थेच्या अध्यक्षांच्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून नाव दिलं. प्राचार्यपदाची जागा रिकामी होणार होती, हे वेगळं सांगायला नको.

मी मामांना विचारलं, काचा कुठे वाळवता?

"खिडकीत ठिवतो की सायेब. वारं लई हाय तितं, लवकर वाळत्यात."

खिडकीबाहेर अध्यक्षांचं शेत होतं आणि त्यात करडई फुललेली. मी कुंपणावरून एक फूल तोडलं, त्याची पिवळी भुकटी काचेवर झटकली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तेच काटे, तीच तीन दारं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा आमचा जीव म्हणजे करडईचा पराग होता. मी मामांनाही दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

मी सरांना सांगणार होतो. उद्या सांगू, परवा सांगू, असं आठवडाभर करत राहिलो.

मग अध्यक्ष स्वतःचा जीवाश्म बघायला आले. शाल, नारळ, हार, सगळा थाट होता. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्यांना स्वतःच्या पापण्यांपलीकडे काही दिसलं नसणार, पण ते "वा, वा!" म्हणाले आणि सरांची छाती फुगली. तेवढ्यात दारात उभे असलेले मामा हात जोडून पुढे आले.

"सायेब, चूक माजी हाय. काचा मी उघड्यावर ठिवल्या. त्यो समुद्रातला जीव न्हाई, करडई हाय. ह्या सायबांनी मला दावलं."

सरांनी माझ्याकडे वळून गोड आवाजात विचारलं, "काय हो, करडई आहे?"

त्या माणसाची मला किळस होती. त्याच्या विनोदांची, त्याच्या काटे मोजण्याची, त्या हाराची. आणि त्याच माणसाच्या डोळ्यांत बघून मी म्हणालो, "नाही सर. मामांचा काहीतरी गैरसमज झालाय."

अध्यक्ष हसले. सर म्हणाले, "करडईचं तेल जास्त झालंय मामांना," आणि सगळे हसले. मीही हसलो. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून चहाचे कप गोळा करायला लागले.

पुढच्या महिन्यात मला कायम केल्याचं पत्र आलं. नव्या जातीवरचा शोधनिबंध छापून आला, त्यावर दुसरं नाव माझं होतं. सरांना मी मनातल्या मनात आयुष्यभर शिव्या घातल्या, पण तो पराग पराग आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

पत्र आलं त्या दिवशी प्रयोगशाळेत गेलो तर ती खिडकी बंद होती. मामांनी फटींत चिंध्या कोंबल्या होत्या आणि वाळत घातलेल्या काचांवर धुतलेलं फडकं अंथरलं होतं. मला बघून ते उठून उभे राहिले.

"आता तुमच्या काचांत करडई यायची न्हाई, सायेब," ते म्हणाले.