राजांच्या पावातलं बाळ

निकानोर सुऱ्यांना धार लावायचा. आत्लिस्को गावच्या गल्लीत त्याची शिट्टी वाजली की बायका बोथट सुऱ्या घेऊन दारात यायच्या. जानेवारीत, उंटांवरून आलेल्या तिन्ही राजांच्या सणाला सगळं कुटुंब त्याच्या थोरल्या बहिणीकडे, कुकाकडे जमे. तिथला कड्यासारखा गोल, गोड पावही त्याच्याच सुरीने कापला जाई. ज्याने त्याने आपला तुकडा आपणच कापायचा. पावात प्लास्टिकचं चिमुकलं बाळ दडलेलं असे. ज्याला ते मिळेल, त्याने फेब्रुवारीतल्या कांदेलारियाच्या सणाला सगळ्यांना घरी बोलवायचं आणि मक्याच्या पानात वाफवलेले तामाल खाऊ घालायचे.

निकानोरला बाळ कधीच मिळालं नव्हतं. सुरीला प्लास्टिक लागलं की त्याच्या बोटांना कळायचं आणि सुरी अलगद बाजूला सरकायची. बाळ हटकून त्याच्या बायकोला, एल्विराला मिळे. ती मुद्दामच हावरटासारखा मोठा तुकडा कापी. तिला माणसांनी भरलेलं घर आवडे.

गेल्या पावसाळ्यात एल्विरा गेली. तेव्हापासून त्याच्या उंबऱ्याला कुणाचा पाय लागला नव्हता. यंदा निकानोरला बाळ हवंच होतं.

"तिसरा तुकडा?" कुका ओरडली. "अरे, राजांचे उंटसुद्धा एवढं खात नाहीत!"

"भूक लागलीय, ताई."

पाव संपला. बाळ नाहीच. निकानोरचं तोंड उतरलं. तेवढ्यात त्याचं लक्ष कुकाच्या जावयाकडे, उबाल्दोकडे गेलं. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा हा गडी मघापासून गप्प होता, आणि एक गाल फुगलेला.

"जावईबापू, कपातलं चॉकलेट कसं झालंय?"

"म्म्."

"म्म् काय? सासूबाईंनी सकाळपासून घोटलंय. नीट सांगा की!"

"फा... फार छा..." आणि बाळ टुणकन कपात पडलं.

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. "गिळणारच होतो, मामा," उबाल्दो कळवळला, "पण त्याचे पाय टोचत होते!"

निकानोरने बाळ कपातून काढलं, शर्टाला पुसलं आणि खिशात टाकलं. "सुरी माझी, बाळही माझं."

"तुझं?" कुका म्हणाली. "तुला साधं पाणी उकळता येत नाही!"

"म्हणून तर म्हणतो, आदल्या दिवशीच या सगळ्याजणी. मी सुऱ्या परजून ठेवतो."

"तामालला सुरी कशाला रे, बावळटा?"

निकानोरचा हात खिशावर घट्ट होता. कुकाने तो हात पाहिला आणि कप गोळा करता करता ती म्हणाली,

"एल्विराचं मोठं पातेलं जागेवर आहे ना? की त्यालाही धार लावून ठेवलीस?"