मुदत संपलेली काकवी

माझ्या हातून आजवर कुणी दगावलेलं नाही. मेडिकल दुकान चालवणाऱ्याने हे सांगायची वेळ येऊ नये, पण माझ्यावर ती आली आहे.

सोनईत माझं छोटं मेडिकल आहे. गेल्या वर्षी माझ्या अंगात कचरामुक्ती संचारली. झालं असं, की आमच्या गल्लीत एका कुत्र्याने उकिरड्यावरच्या गोळ्यांचं अख्खं पाकीट चावून खाल्लं आणि ते दिवसभर स्वतःभोवती गोल गोल फिरत राहिलं. मला वाईट वाटलं. मी दुकानाबाहेर एक मोठा डबा ठेवला आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'घरातली जुनी, मुदत संपलेली औषधे येथे टाका.' शेजारच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं. त्यांच्या दवाखान्याचा कचरा न्यायला नगरहून गाडी येते, तीच माझाही माल नेऊन रीतसर जाळणार होती.

गावाने मनापासून साथ दिली. म्हणजे पहिल्याच आठवड्यात डब्यात गोळ्या आल्या, मलमं आली, जनावरांच्या कॅल्शियमचे डबे आले, एक तुटका चष्मा आला आणि कुणाची तरी कवळी आली. (ती दोन दिवसांनी परत न्यायला माणूस आला. चुकून टाकली म्हणाला. मी विचारलं नाही.)

या सगळ्यात रिकाम्या काचेच्या बाटल्याही यायच्या. त्या माझ्या आईच्या नजरेस पडल्या.

"ही टाकायची?" आई म्हणाली. "आरं, काच हाय ही!"

"आई, औषधाच्या बाटल्या आहेत त्या."

"मंग काय झालं? उकळत्या पान्यातून काढीन. तूच तर गावाला सांगत फिरतो, काई वाया घालवू नका म्हनून!"

आईने आठ बाटल्या घासल्या, उकळल्या, उन्हात वाळवल्या आणि त्यांत काकवी भरली. बाटल्या लखलखीत झाल्या. फक्त लेबलं निघाली नाहीत. आठही बाटल्यांवर खोकल्याच्या औषधाचं नाव तसंच राहिलं आणि आत तितकीच दाट, तितकीच काळसर काकवी.

"पाथर्डीच्या जीपमंदी दे," असं सांगून आईने पिवळी पिशवी काउंटरखाली ठेवली. माझी बहीण मंगल पाथर्डीजवळच्या एका वाडीवर दिली आहे. तिच्या सासूबाईंना आमच्या आईची काकवी फार आवडते.

काउंटरखाली आणखी एक पिवळी पिशवी होती. तीत गावाने जमा केलेल्या, मुदत संपलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या होत्या. दोन्ही पिशव्या एकाच साडीच्या दुकानाच्या.

जीप आली तेव्हा मी फोनवर होतो. घोडेगावच्या एका दुकानदाराला मी समजावत होतो, की या कामात वर्गीकरण किती महत्त्वाचं असतं. बोलता बोलता मी एक पिशवी उचलून जीपवाल्याला दिली. तासाभराने नगरची गाडी आली. तिला दुसरी दिली. सही केली. फार समाधान वाटलं.

दुपारी गाडीवाल्याचा फोन आला.

"साहेब, तुमच्या पिशवीतली एक बाटली फुटली."

"असू दे. नाहीतरी जाळायचीच आहे."

"ते खरं. पन गाडीत मुंग्या झाल्यात. आन वास येतोय गुऱ्हाळासारखा. काय औषध हाय हे?"

मी काउंटरखाली पाहिलं. काउंटरखाली काहीच नव्हतं.

मंगलला फोन लावला. तिच्यामागून बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"दादा, मी तिसगावला बाजारात हाय. पिशवी? मिळाली की. सकाळी जीपवरनं घेऊन सासूबाईंच्या हातात दिली आन निघाले. आता जेवायला बसल्या असतील त्या काकवी घेऊन."

"त्यांना फोन कर! म्हणावं खाऊ नका!"

"त्यांच्याकडं कुठला फोन? का, काय झालं?"

"ती काकवी नाही!"

"मग काय हाय?"

हे बहिणीला सांगणं फार अवघड गेलं.

मी मोटारसायकल काढली. मागे आई बसली. मी नको म्हणत होतो, पण तिने पदर खोचला आणि बसली. पाथर्डीपर्यंतच्या सगळ्या रस्त्यावर तिने मला एकच प्रश्न वेगवेगळ्या पद्धतीने विचारला.

"तुला वाचाया येतं ना?"

"येतं."

"मंग का न्हाई वाचलं?"

मिरीच्या पुढे तिने त्यात भर घातली, "आन माझी काकवी जाळनार व्हय ते?" विहीणबाईंच्या जिवाची काळजी तिला होतीच. पण काकवीचं दुःख मधूनमधून वर यायचं.

वाडीवर पोहोचलो. ओसरीत बाजेवर मंगलच्या सासूबाई आडव्या पडलेल्या. डोळे मिटलेले. शेजारी ताट, ताटात काळसर डाग आणि उघडी बाटली.

"विहीनबाई!" आईने असा हंबरडा फोडला, की समोरच्या घरातून तीन बायका धावत आल्या.

मी पुढे होऊन मावशींची (मंगलच्या सासूबाईंना मी मावशीच म्हणतो) नाडी धरली. नाडी भयंकर वेगाने पळत होती. मी घामाघूम झालो. मग लक्षात आलं, की घाईत मी अंगठ्याने नाडी बघतोय आणि जी पळतेय ती माझी स्वतःची आहे.

"मिठाचं पाणी आणा!" मी ओरडलो. "उलटी काढावी लागेल!"

मावशींनी डोळे उघडले. "कोन मेलं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"मावशी, तुम्ही... तुम्हाला झोप येतेय का?"

"येतीय की. रोजच येती या टायमाला. तुमी उठीवलं."

"काकवी किती खाल्ली?"

मावशींनी आईकडे पाहिलं आणि जरा संकोचल्या. "एकच घास खाल्ला. राग मानू नका विहीनबाई, पन अवंदाची काकवी जरा कडवट झाली. बाकीची चतकोर कोंबड्यास्नी टाकली."

आईचा चेहरा उतरला. विहीणबाई जिवंत आहेत हा आनंद आणि काकवी कडवट झाली हा अपमान, दोन्ही एकाच वेळी झेलणं तिला जड गेलं. "ती माझी न्हवती!" ती म्हणाली. "ती ह्याची हुती!"

अंगणात पाहिलं. चार कोंबड्या लिंबाखाली माना टाकून झोपल्या होत्या. कोंबडा उभा होता, पण भिंतीला टेकून.

मी मावशींना गाडीवर बसवून तिसगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि एका घासाने काही होत नाही म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"तुम्ही काय करता?"

"मेडिकल आहे माझं."

डॉक्टरांनी मावशींचा कागद माझ्याऐवजी मावशींच्या हातात दिला.

वाडीवर परतलो तेव्हा कोंबड्या उठून हिंडायला लागल्या होत्या. मला हायसं वाटलं. "बाकीच्या बाटल्या द्या मावशी, मी घेऊन जातो."

"बाकीच्या? वाटल्या की! विहीनबाईंच्या काकवीचं लई नाव हाय इथं."

मग मी दारोदार हिंडलो. मागे आई, तिच्यामागे मावशी, त्यांच्यामागे हंबरडा ऐकून आलेल्या तीन बायका. प्रत्येक दारात मी म्हणायचो, "ती बाटली परत द्या," आणि मागून मावशी खुलासा करायच्या, "मंगलचा भाऊ हाय. मेडिकलवाला. चुकून औषध धाडलं त्यानं." बहुतेकांनी लगेच दिली. एका म्हाताऱ्या बाबांनी मात्र बाटली धोतरात लपवली.

"म्या न्हाई देनार."

"बाबा, ते औषध आहे!"

"ठावं हाय. वर लिव्हलंय की. दोन चमचे घेतलं, खोकला बसला."

"मुदत संपली आहे त्याची!"

"माजी बी संपलीया," बाबा म्हणाले. "तरी चालतोयच ना?"

शेवटी आईने त्यांना पुढल्या जीपने खऱ्या काकवीच्या दोन बाटल्या पाठवायचं कबूल केलं, तेव्हा कुठे त्यांनी धोतराची गाठ सोडली. देताना त्यांनी बाटली उजेडात धरून मला तारीख वाचून दाखवली. सावकाश. लहान मुलाला वाचून दाखवतात तशी.

मी सोनईला पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. ती जीपने आली, फोनने आली, आणि राहिलेली आईने सांगितली. तेव्हापासून माझ्या दुकानात एकही गिऱ्हाईक पुडी घेऊन सरळ निघून जात नाही. आधी नाव वाचतं, मग तारीख वाचतं, मग शेजारच्याकडून वाचून घेतं. ज्यांना वाचता येत नाही ते नातवाला घेऊन येतात. लोकांना औषधावरची तारीख बघायची सवय लागावी म्हणून आमच्या धंद्यातले लोक वर्षानुवर्षं डोकं फोडतात. दोन तालुक्यांत ते काम मी एका दुपारात उरकलं.