निकासियाच्या अंगणावरचे पाळणे

एल आल्तो या डोंगरावरच्या शहराच्या उतारावर निकासियाचं मातीच्या विटांचं घर होतं, मागे अंगण, त्याला पुरुषभर उंच भिंत. भिंतीवरून कुणी डोकावलं तर ती आधी दगड उचली, मग नाव विचारी. लोकांची धुणी धुऊन तिचं पोट चाले, आणि तिची जीभही धुण्यासारखीच माणसाला आपटून पिळून काढी.

घरात बारमाही गारठा. ऊन काय ते दुपारी अंगणात उतरे, तेवढ्यात ती म्हाताऱ्या आईला टबात बसवून न्हाऊ घाली. मग घरावरून तारा गेल्या, तारांवर माणसं नेणारे काचेचे पाळणे आले, आणि खालच्या शहरात जाणारी माणसं काचेला नाक लावून अंगणं न्याहाळू लागली. म्हातारीनं अंघोळच टाकली.

"सोललेल्या कोंबडीसारखी बसू काय साऱ्या गावापुढं?"

तिच्या पाठीला भेगा पडल्या, अंगाला वास मारू लागला. वर ताडपत्री बांधली तर ऊनच अडलं.

तिनं गाऱ्हाणं नेलं, तेव्हा वस्तीचा अध्यक्ष फेर्मिन म्हणाला, "ताई, पाळण्यामुळं तुमची धुणी किती लवकर पोचतात, ते बघा की."

"तुझ्या बायकोला बसव आधी टबात, उघडी. मग माझा वेळ मोज."

चोरांना धाक म्हणून त्या वस्त्यांत दिव्याच्या खांबाला चिंध्यांचा माणूस फासावर टांगतात. निकासियानं तसाच एक शिवला. डोळ्यांच्या जागी बाटल्यांची बुडं लावली, गळ्यात पाटी अडकवली, 'डोकावणारा', आणि घरापुढच्या खांबाला लटकवला. आता भितील मेले, असा तिचा हिशेब.

भितात कसले! पाळण्यातली माणसं रस्त्याकडच्या काचेशी गर्दी करून त्याचे फोटो काढू लागली. निकासिया दिवसभर वर बघून थुंकायची.

वळचणीला बसलेली म्हातारी मात्र पाळण्यांकडं बघत होती. एका दुपारी ती बोलली, "शिव्या पुरेत, पोरी. सगळी त्या टांगलेल्याकडंच वळतात. इकडं नुसत्या पाठी दिसतात. पाणी तापव."

टब अंगणात आला. म्हातारीच्या पाठीवर ऊन पडलं, तशी ती लहान पोरासारखी हुंकारली.

तेवढ्यात पुढच्या बाजूला खांबाला शिडी टेकल्याचा आवाज झाला. निकासिया फेसाळ हातांनीच बाहेर आली. शिडीशी फेर्मिन.

"हे उतरवतो मी. वस्तीची अब्रू गेली, ताई."

"उतरव. फास मोकळा झाला की तुझी मान बसते का बघू."

"मी काय चोर आहे?"

"लोकांच्या दारात शिडी लावणाऱ्याला तुझ्या घरी काय म्हणतात?"

अंगणातून म्हातारीची हाक आली, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही, आई. डोळे मीट, डोक्यावर पाणी ओतायचंय."

फेर्मिन पुढे काही बोलायच्या आत तिनं त्याची शिडी ओढून घरात घेतली आणि कडी घातली. दार बाहेरून बराच वेळ वाजत राहिलं. तिनं म्हातारीचे केस सावकाश, दोनदा धुतले.